आत्याबाईचं वावर नकाशात नेमकं कुठं

आमच्या घरात भांडणाला कारण लागत नाही, पण कारण मिळालं तर आम्ही ते वायाही जाऊ देत नाही. त्या संक्रांतीला मिळालेलं कारण असं होतं, की गुडीहत्नूरच्या पुढं, हायवेपासून आत, वावरातल्या घरात एकटी राहणारी आमची आत्याबाई नेमकी राहते तरी कुठं.

म्हणजे आम्हा भावंडांना ठाऊक होतं. डोळे बांधून सोडलं असतं तरी आम्ही दोघं तिच्या चुलीपुढं जाऊन बसलो असतो. प्रश्न बाकीच्या जगाचा होता. मी आदिलाबादला शाळेत भूगोल शिकवते आणि माझं म्हणणं सरळ होतं. बाई सत्तरीला आली, गुडघे कुरकुरतात, उद्या काही झालं तर डॉक्टर तिथं पोचायचा कसा? तिनं मुकाट्यानं माझ्याकडं राहायला यावं. माझा धाकटा भाऊ हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याचं म्हणणं, पत्ता नीट असला की झालं, तिला उठवायची काय गरज? त्यानं आत्याबाईची बाजू घेतली, कारण एकतर तिचा तो लाडका, आणि दुसरं म्हणजे मी पूर्व म्हटलं की पश्चिम म्हणायचं हे व्रत त्यानं पाळण्यात असल्यापासून घेतलेलं आहे.

आमच्या कटकटीला वैतागून शेवटी आत्याबाईनंच तोड काढली. तिची म्हैस गाभण होती, दिवस भरत आलेले. गोठ्याकडं बोट करून ती म्हणाली, "हे पाह्य. हेला झाला त मी म्हैस इकतो अन् तुह्या घरी येतो. वगार झाली त मी इथंच राह्यणार, अन् तू पुन्ना हा इषय काढायचा नाई."

हेला म्हणजे रेडा. एकट्या बाईला त्याचा काय उपयोग? वगार म्हणजे पारडी, ती मात्र मोठी होणार, दूध देणार, म्हणजे घर चालू राहणार. हिशोब तिच्या दृष्टीनं चोख होता. माझ्या वर्गातली पोरं खेळायला आधी कोण यासाठी नाणं उडवतात, त्याच्यातही जास्त विचार असतो. तरी मी हो म्हटलं. भांडून जे पदरात पडत नव्हतं, ते निदान निम्मं तरी पडत होतं.

भावाला मात्र तेवढ्यानं चैन पडेना. त्यानं फोनमध्ये एक नवीन अॅप आणलं होतं, रेंज नसली तरी चालणारं. म्हणे अख्ख्या पृथ्वीचे छोटे छोटे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाला तीन शब्दांचं नाव दिलंय. मग हा गडी फोन पुढं धरून अंगणभर फिरायला लागला. बाजेपाशी निघालं "डबा, हरताळ, केळी". दोन पावलं सरकला तर तुळशीपाशी "वकील, ओला, शिडी". आणि गोठ्यात म्हशीच्या खुंट्याला मिळालं "खुर्ची, पाऊस, मामा". आत्याबाईला हे भारीच आवडलं. शेण काढताना, ज्वारी पाखडताना तिची जपमाळ सुरू झाली. खुर्ची, पाऊस, मामा. म्हशीला हाकसुद्धा त्याच नावानं मारायला लागली.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अरे, दोन पावलांवर दुसरेच तीन शब्द? डब्याचा अन् वकिलाचा काही संबंध? माझ्या अक्षांश-रेखांशाला शेजार आहे शेजार. शेवटचा एखादा आकडा चुकला तर माणूस फार तर बाजूच्या वावरात जाईल. तुझा मामा चुकून काका झाला, तर माणूस कोण्या देशात जाईल देव जाणे!"

"बरोबर," तो म्हणाला, "पण ताई, तुझे ते एकोणीस पूर्णांक अमुक अन् अठ्ठ्याहत्तर पूर्णांक तमुक फोनवर सांगून बघ. ऐकणारा मधेच झोपतो. खुर्ची, पाऊस, मामा एकदा ऐकलं की मरेपर्यंत विसरत नाही."

तेही खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

आत्याबाईची स्वतःची पत्ता सांगायची पद्धत या दोन्हींहून वेगळी. "मोहापासून आत वळा, ज्यानं माहा बांध कोरला त्याचं वावर सोडा, मंग ट्रक पलटला होता तिथून डाव्या हाताला." यातलं मोहाचं झाड रस्ता रुंद केला तेव्हाच तोडलं. ट्रक पलटला तेव्हा मी फ्रॉक घालत होते. आणि बांध कोरणारा कोण, हे गावात प्रत्येकजण वेगळं सांगेल. पण अजूनही लोक बसवाल्याला "मोहावर उतरायचंय" म्हणतात आणि बसवाला बिनझाडाच्या जागी बरोबर थांबतो. गावातल्याला यात काही खटकत नाही. बाहेरचा माणूस मात्र मोह शोधत तेलंगण सोडून महाराष्ट्रात पोचेल.

"आत्याबाई, मेलेल्या झाडावरून पत्ता सांगू नको," मी म्हटलं.

"मी काई हरपली नाई," ती म्हणाली. "मंग तुमी दोघं मले कायले शोधून राह्यले?"

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी म्हैस अडली.

सकाळपासून ती उठत होती, बसत होती. दुपारी एक खूर बाहेर आलं आणि तिथंच अडकलं. दुसरा पाय आतच. आत्याबाईनं आयुष्यात कितीतरी म्हशी सोडवल्या असतील, पण या वेळी हात घालून पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. "डाकतरले बलवा," एवढंच म्हणाली. मग म्हशीच्या शिंगांच्या मधे कपाळ टेकवून बसून राहिली. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली.

आता तिच्या घरी फोनला रेंज नाही. रेंज येते ती नाल्यापलीकडं, शेजाऱ्याच्या ज्वारीत राखणीसाठी बांधलेल्या माळ्यावर. त्या शिवारात सगळ्यांचाच रिवाज आहे, फोन करायचा तर दगडांवरून नाला ओलांडायचा, माळ्याची शिडी चढायची आणि वरून बोलायचं. सोयरिकी त्या माळ्यावरून ठरल्यात, भांडणं त्या माळ्यावरून झालीत. आम्ही दोघं पळालो. भाऊ आधी पोचला, मी धापा टाकत मागून.

गुरांच्या डॉक्टरीणबाई नवीन होत्या. तेलुगू बोलणाऱ्या, आमच्याशी हिंदीत. भावानं पहिल्या दमात सांगितलं, "मॅडम, खुर्ची, पाऊस, मामा!" मग बाई म्हणाल्या, "क्या है ये, पहेली? अॅप-वॅप नहीं है मेरे पास. लोकेशन भेजो." त्यानं लोकेशन धाडलं. मी त्याच्या हातातून फोन ओढून मोहाचं सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, "कौनसा पेड़?" मी म्हटलं, "अब नहीं है." त्यांना काय समजायचं ते समजलं असेल. मग मी माझ्या फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचून दाखवले, एकेक, शाळेत पाढे घोकून घेतात तसे, आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतले. त्यांनी ताडून पाहिलं. भावाचं लोकेशन आणि माझे आकडे तंतोतंत जुळत होते.

जन्मात पहिल्यांदा आमचं दोघांचं एकमत झालं होतं. आम्ही एकमेकांकडं पाहून चक्क हसलो. उतरलो, नाला ओलांडला, गोठ्यात आलो आणि फाटकाकडं डोळे लावून बसलो.

वेळ गेला. डॉक्टरीण येईना. म्हैस आता ओरडतही नव्हती, नुसती मान टाकून श्वास घेत होती. आत्याबाई तिच्या कानात पुटपुटत होती, "नको जाऊ वं माय. तू गेली त मी बोलू कोणाशी?" हे बोलणं ती कधी माझ्यापुढं बोलली नव्हती. मी तिला फ्लॅट, लिफ्ट, दवाखाना, सगळं सांगितलं होतं, पण तिथं ती बोलणार कोणाशी, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी शाळेत, नवरा ऑफिसात, पोरं फोनमध्ये.

तेवढ्यात पाठीमागून हॉर्न ऐकू आला. फाटक पुढं आणि हॉर्न मागं. पुन्हा वाजला, लांबलचक, चिडून. नाल्यापलीकडच्या ज्वारीतून पोपटांचा थवा उठला, नेमका माळ्याजवळून.

भावानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं.

"ताई," तो म्हणाला, "आपण लोकेशन कुठून पाठवलं?"

अरे देवा! बाई आम्ही सांगितलेल्या ठिकाणी अगदी बिनचूक, तिळभरही इकडंतिकडं न होता पोचल्या होत्या. माळ्याच्या शिडीशी उभ्या राहून आम्हाला फोन करत होत्या. अख्ख्या शिवारात फोन लागतो अशा एकमेव जागेवरून, जिथं फोन लागतच नाही अशा जागी. भावाच्या फोननं तो उभा होता ती जागा पाठवली, ते एकवेळ ठीक. पण आकाशातल्या उपग्रहाला मोबाइलची रेंज लागत नाही, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. गोठ्यात उभं राहून आकडे टिपून घेतले असते तर काय बिघडलं असतं? पण मला भावाच्या आधी माळ्यावर पोचायचं होतं ना!

गाडी तिकडून इकडं आणायची तर मागं हायवेला जाऊन मोठा वळसा. तेवढा वेळ नव्हता. आम्ही नाल्यावर धावलो. पलीकडं डॉक्टरीण उभ्या, अंगभर ज्वारीचा कोंडा, चेहरा तापलेला. मराठीत, हिंदीत, तेलुगूत जे सुचेल ते आम्ही ओरडत होतो. त्यांनी एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा आमच्या तोंडांकडं, बॅग भावाकडं फेकली आणि माझा हात धरून दगडांवरून आल्या. एक चप्पल नाल्यानं नेली. त्यावर त्या तेलुगूत जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही.

गोठ्यात आल्यावर मात्र बाई एकदम शांत. हात साबणानं धुतले, खांद्यापर्यंत आत घातला, डोळे मिटून चाचपडत राहिल्या. अडकलेला पाय सरळ केला, दोन्ही खुरांना दोरी बांधली आणि दोरी माझ्या हातात दिली. "मैं बोलूँगी तब खींचना." म्हशीला कळ आली की मी ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. माझे पाय शेणात घसरत होते, भाऊ मला मागून धरून होता. त्या वेळी माझ्या डोक्यात हेला नव्हता, वगार नव्हती, आदिलाबाद नव्हतं. ये रे बाबा, ये, एवढंच मी म्हणत होते, आणि मोठ्यानं म्हणत होते.

एकदम सगळं सुटलं. मी भावाला घेऊन पाठीवर पडले आणि माझ्या मांडीवर ओलं, गरम, काळं पिल्लू. डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाक मोकळं केलं, बरगड्या चोळल्या. ते शिंकलं. म्हशीनं मान उचलली आणि वळून त्याला चाटायला लागली.

बाईंनी शेपटी वर केली, खुशीत हसल्या आणि म्हणाल्या, "मग दूडा!"

मग म्हणजे नर, दूडा म्हणजे वासरू. एवढं तेलुगू आमच्या जिल्ह्यात कुत्र्यामांजरांनाही येतं.

आत्याबाईनं पदरानं पिल्लाचे कान पुसले. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, "सुटली वं बाई तू," म्हणाली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि माझ्याकडं न पाहता विचारलं, "कवा निघाचं?"

त्या आवाजात भांडण नव्हतं. तिच्या तोंडून भांडण नसलेला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, आणि मला तो अजिबात सहन झाला नाही.

"कुठं निघायचं?" मी म्हटलं. "वगार झाली ना."

"ताई, अगं हा तर..." भावानं तोंड उघडलं. मी शेणानं भरलेला पाय त्याच्या पायावर दाबून ठेवला.

"वगार आहे," मी म्हटलं. "मास्तरीण मी आहे का तू?"

आत्याबाई वाकली. शेपटी उचलून निवांत पाहिलं, जणू असलं काही पहिल्यांदाच पाहत होती. मग सरळ झाली, माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी आणि खोडी दोन्ही एकदम आली.

"वगारच हाय," ती म्हणाली. "कशी चांगली वगार हाय!"

डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. या माणसांना कळलं नाही असं वाटून त्या बोटानं दाखवत पुन्हा पुन्हा समजावायला लागल्या, "मग दूडा, अम्मा! मग!" आत्याबाई, जिनं सगळा जन्म बाजारात तेलुगूत भाव पाडले होते, ती माझ्याकडं वळली.

"हिले सांग वं," ती म्हणाली, "मले तेलुगू येत नाई."