बाबांच्या टँकवरचा नवा लाइट

मित्रांनो, बाबांनी वाढवलेला प्रवाळांचा टँक या ग्रुपवर तुम्ही पाहिलाच आहे. ते गेल्यापासून महिनाभर त्यावरचा जुना लाइट नुसता मिणमिणत होता.

आज प्रताप नगरच्या घरी मी नवा लाइट आणला. छताला दोन हुक ठोकले, तारांवर लाइट टांगला आणि फुल पॉवर दिली. तासाभरात सगळी प्रवाळं मिटून बसली.

आई तिच्या खोलीच्या दारातूनच बघत होती.

"एवढा खाली काहून टांगला रे? तुझे बाबा नवा लाइट आधी उंच टांगत, मग रोज थोडा थोडा खाली घेत. या प्रवाळाइले अंधाराची सवय पडली आहे. एकदम एवढा उजेड नाही सोसत."

मी लाइट वर ओढला, पॉवर कमी केली.

सकाळीच मी तिच्या खोलीचे पडदे सर्रकन उघडले होते. "किती दिवस अंधारात बसून राहशील? चल, नंदनवनला मावशीकडे जाऊ," असं जरा चिडूनच म्हणालो होतो.

आत्ता जाऊन पडदे अर्धे ओढून आलो.

तुमच्या घरी कोणी असं मिटून बसलं असेल, तर खरं सांगा. त्यांनी बाहेर यावं याची घाई त्यांना आहे, की तुम्हाला?