सूर्यचुलीची काच

गॅसचा सिलिंडर वेळेवर मिळत नाही म्हणून विद्याधररावांनी सूर्यचूल आणली, आणि तेव्हापासून वसुधाबाईंचा प्रत्येक रविवार बोरिवलीच्या गच्चीवर नासू लागला. सकाळीच चार मजले चढून त्या तांदळाचा काळा डबा चुलीच्या पेटीत ठेवत आणि वरची काच घट्ट लावत. पेटी जरा तापली की विद्याधरराव शेजाऱ्यांना घेऊन हजर! "ऊन काचेतून आत शिरतं, काळा डबा ते शोषून घेतो, आणि मग ही उष्णता बाहेर जाऊच शकत नाही," असं सांगत ते दाखवायला काच उघडत. कोंडलेली उष्णता भस्सकन निघून जाई, शेजारी माना डोलावत. दुपारी ताटात अर्धकच्चा भात पडला की विद्याधरराव वर बायकोलाच विचारत, "तांदूळ भिजवले नव्हतेस का?"

एका रविवारी पाहुणे जेवायला होते. विद्याधररावांचा हात तिसऱ्यांदा काचेकडे गेला, तेव्हा वसुधाबाई सगळ्यांदेखत कडाडल्या, "अहो, ही काच आणि तुमचं तोंड, दोन्ही बंद राहिली तरच आज भात शिजेल!"

त्या दिवशी भात मऊ शिजला. पहिला घास घेत विद्याधरराव पाहुण्यांना म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?"