अण्णांचं 'श्री' फोल्डर

पुन्हा स्क्रीनवरची खिडकी पांढरी झाली. वरच्या पट्टीत तेच: प्रतिसाद देत नाही. सकाळपासून हे चौथ्यांदा. समोर कॉम्प्युटरऐवजी माणूस असता तर मी त्याला दंडाला धरून गदागदा हलवलं असतं.

"काय म्हणतंय?" बाजूच्या खुर्चीतून अण्णांनी विचारलं.

"काहीच म्हणत नाही."

"मंग बसू दे की जरा. एवढी जल्दी काय हाय?"

जल्दी होती, आणि ती त्यांच्याचसाठी होती. अण्णा म्हणजे माझे वडील, तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावात मास्तरकी करून निवृत्त झालेले. डोळ्यांची नस वाळत चालली आहे, उरलीय ती नजरही हळूहळू जाणार, असं जालन्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून स्क्रीनवरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मी आणलं होतं. थोडं दिसतंय तोवर त्यांनी ते शिकून घ्यावं, म्हणजे पुढं आपले फोटो, आपले कागद कुणाच्या मिनतवाऱ्या न करता शोधता येतील. मी जालन्यात नोकरीला, त्यामुळे माझ्या हातात फक्त रविवार.

सॉफ्टवेअर बसवताना ते विचारायचं, आवाजाच्या फाइली कुठं ठेवू? जागा दाखवायला बटण दाबलं की फोल्डरांची खिडकी उघडायची आणि सगळं ठप्प. मी अँटिव्हायरस बंद केला. फाइल नव्यानं डाउनलोड केली. कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. मदतीच्या नंबरवरची मुलगी म्हणाली, "सर, थोडी प्रतीक्षा करा." बाई गं, सकाळपासून दुसरं काय करतोय मी!

शेवटी लक्षात आलं. ती खिडकी दरवेळी आधी वापरलेल्या फोल्डरातच उघडत होती, आणि ते फोल्डर होतं 'श्री'. आमच्याकडं कॉम्प्युटर दसऱ्याला आला. कीबोर्डला हळदकुंकू लावून अण्णांनी पहिलं फोल्डर केलं, त्याला 'श्री' नाव दिलं आणि त्यानंतर जे जे आलं ते त्यातच टाकलं. लग्नपत्रिका, सातबारा, शाळेतले फोटो, मोसंबीची बाग, आलेगेले पाहुणे. चाळीसेक हजार फोटो आणि आत एकही कप्पा नाही. खिडकी उघडली की ते यंत्र एकेका फोटोचं बारकं चित्र काढायला बसायचं.

"अण्णा, याचे वर्षवार वेगळे फोल्डर करू का?" हे मी कितीतरी वर्षं विचारत आलोय.

"वाटण्या माझ्या माघारी करा."

अण्णा आणि त्यांच्या भावांमध्ये शेत वाटलं गेलं तेव्हा अंगणात भिंत उठली होती. तेव्हापासून कुठलंही वेगळं करणं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. पण फोटोंच्या वाटणीचंही दुःख? माझं डोकंच उठलं. ते अंघोळीला गेले आणि मी त्यांना न विचारता वर्षवार फोल्डर करून टाकले. बटण दाबलं, खिडकी पटकन उघडली, पाच मिनिटांत सॉफ्टवेअर बसलं. स्वतःवर मी जाम खूश झालो.

अण्णा आले, स्क्रीनला नाक लावून बसले. बाण बराच वेळ इकडंतिकडं फिरवला.

"माझी बाग कुठं गेली रे? ह्या हिरव्या पट्ट्याखाली लग्नाचा लाल पट्टा यायचा. त्याच्या खाली तुझी आई."

तेव्हा मला कळलं. अक्षरं त्यांना केव्हाच दिसेनाशी झाली होती. ते रंगावरून आणि जागेवरून शोधत होते, आणि कुणाला बोलले नव्हते. त्यांच्या खुणा मी एका अंघोळीच्या वेळात पुसून टाकल्या होत्या. लाज वाटली. मुकाट्यानं सगळं परत 'श्री'मध्ये, पहिल्यासारखं तारखेच्या क्रमानं घातलं. वर चडफडलो ते आणखी एका गोष्टीसाठी: जागेचा पत्ता शेजारच्या चौकटीत नुसता टाइप केला असता तरी भागलं असतं. ते बटण दाबायची गरजच नव्हती.

मग तो नवा आवाज सुरू केला. बाण फोटोवर गेला की एक बाई खणखणीत वाचू लागली. नुसते आकडे.

"हे काय वाचून राह्यली ही?"

"फोटोचं नाव, अण्णा. मोबाइलनं दिलेलं."

"हे काय नाव हाय?"

म्हणजे आता चाळीस हजार बारशी. तेव्हापासून दर रविवारी मी फोटो उघडतो, दिसेल ते सांगतो, अण्णा ओळखतात आणि मी नाव टाइप करतो. 'विहिरीवरची नवी मोटर'. 'थोरली आत्या, हुरड्याला'. प्रत्येक नावामागची अख्खी हकिकत त्यांना सांगायची असते, त्यामुळे मी चिडतो आणि दिवसात पन्नासही होत नाहीत. डोळ्यांचं जाणं मात्र थांबलेलं नाही.

परवाच्या रविवारी एक फोटो निघाला. म्हातारी बाई, हिरवं लुगडं, उंबऱ्यावर बसून हसतेय. अण्णांनी विचारलं, दार कसलंय? कुंकू केवढंय? दात हायेत का? मी सांगत गेलो. ते स्क्रीनजवळ सरकले, मागं झाले, पुन्हा सरकले.

"तू वळखत न्हाईस?"

"नाही."

"मला बी दिसंना बिलकुल. घे पुढचा."

ती बाई आमच्या दोघांकडं बघून हसतच होती. मी नाव न देता पुढचा फोटो उघडला.