गोठ्यातले मंगरू

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुडव्यात राहते, ज्युनियर कॉलेजात शिकवते, अंगात येणाऱ्या बाईला आधी डॉक्टरकडे न्या म्हणणारी मी. तरी हे लिहितेय... आणि लिहितानाही भीती वाटतेय, खरं सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत सौंदडजवळ सासरी गेले होते. सोबत गुलामगिरीवरची एक अनुवादित कादंबरी होती, पुढच्या सत्रात शिकवायची म्हणून. त्यात विकत घेतलेल्या माणसाला मालक सगळ्यात आधी नवं नाव देतो. वाचून मी चरफडले — काय हलकट लोक! आणि त्याच दमात ओसरीवरून हाक दिली, मंगरू, पाणी आण रे.

आमच्या सासरी गड्याला मंगरूच म्हणतात. बैल बदलले तरी ढवळ्या-पवळ्या, तसा गडी बदलला तरी मंगरू... पणजेसासऱ्यांपासून हेच. सात वर्षांत मीही त्याचं खरं नाव विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सासूबाईंनी मला त्याला जेवायला बोलवायला पाठवलं. गोठ्याच्या दारातून मी हाक मारली. आतून आलं, "हाव जी." मग दुसरा आवाज, म्हातारा, खोकत — "हाव जी." मग तिसरा, अगदी कोवळा. डोकावले तर आत कोणी नाही. बैलसुद्धा नाहीत.

तेवढ्यात मागून मंगरूच आला, शेतातून बैल घेऊन. मी कसंबसं सांगितलं. त्याला काहीच नवल वाटलं नाही.

"पयलेचे मंगरू हायेत ते, बाई. हाक देली का ओ देतेत. त्यायचं खरं नाव कोनालेच ठाऊक नाई, मंग सुटतीन कसे?" तो जरा थांबला. "माहं नाव देवराम. काल भावानं त्या नावानं हाक मारली, तं मी वळूनई नाई पाह्यलो. मीबी यायच्यातच जाऊन राहिलो, बाई."

त्याचे डोळे भरले होते. मी तडक सासूबाईंकडे गेले, म्हटलं आजपासून त्याला देवराम म्हणा. त्या शांतपणे तांदूळ निवडत होत्या.

"काऊन गं, तुहंबी नाव बदललंच ना आमी? काई बिघडलं का तुहं?"

लग्नात ताटातल्या तांदळात 'वैभवी' लिहिलं, तेव्हापासून मी वैभवी.

निघायच्या दिवशी मी मुद्दाम गोठ्यासमोर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली — देवराम! दारात बैल बांधत असलेला तो चमकून वळला आणि लहान पोरासारखा हसला. गोठा गप्प होता. मला हायसं वाटलं, मी घराकडे निघाले.

मागून हाक आली, "संगीता..." मी चालत राहिले. पुन्हा आली. तरी चालत राहिले. तिसऱ्यांदा मात्र ओसरीच्या पायरीवर थबकले — हे तर माझं माहेरचं नाव! गोठ्यातून तीन-चार आवाज एकदम हाक मारत होते.

ते नाव त्या घरात कोणी घेत नाही. मग गोठ्याला कसं कळलं?

देवरामनंही ती हाक ऐकली होती. पांढराफटक पडून, पायरीपर्यंत धावत येत त्यानं विचारलं, "बाई, हे संगीता कोन?"