दुष्काळी तालुक्यातला चिखल

सरकारी कचेरीत अर्ज दिला की अर्ज तिथेच राहतो आणि आपल्यासोबत घरी येतात ते किस्से. माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुवर्णाच्या भरपाईच्या अर्जाचं तसंच झालं. अर्ज हलेना, किस्से मात्र इतके साचले की संभाजीनगरच्या अभ्यासिकेत चहाला बसलो की मैत्रिणी म्हणतात, "मुक्ता, सुवीचं पुढं काय झालं ते सांग ना!" त्या पोट धरून हसतात. मीही हसते. सुवीचा उजवा हात कोपरात वाकडाच आहे.

आधी झालं काय, ते सांगते. सुवी अकरावीला. शाळेकडून सरकारी योजनेत मिळालेल्या सायकलवर रोज बाजारगावच्या कॉलेजला जायची. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. भरतीत मुलींनाही गोळाफेक असते, म्हणून नदीच्या कोरड्या पात्रातून तिनं एक गोल, गुळगुळीत दगड शोधून आणला होता. रोज संध्याकाळी अंगणातून तो फेकायची. ती दगड उचलायला वाकली की शेजारच्या कोंबड्या आपोआप छपराखाली जायच्या!

आमच्या रस्त्यात नळयोजनेसाठी आडवी चारी खणली होती. नळाला पाणी आलं नाही, चारी राहिली. वरून नुसता मुरूम ओढलेला. पाण्याचा टँकर तिथंच गचका खायचा आणि अर्धी बादली सांडून पुढं जायचा. मुरूम भिजला, खचला, खड्डा झाला. एका सकाळी सुवीचं पुढचं चाक त्यात गेलं. ती हँडलवरून उडाली ती थेट उजव्या हातावर.

हाड जुळलं, पण वाकडं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा ऑपरेशन केलं तर हात सरळ होईल. भरतीत उतरायचं असेल तर उशीर करू नका." आई-अण्णा ऊसतोडीला गेलेले. ऑपरेशनचा खर्च कुठून आणायचा? मी म्हटलं, रस्ता सरकारचा, तर भरपाई सरकारनं द्यावी. राज्यशास्त्रात बी.ए. केलेल्या मुलीला असं काहीबाही वाटतं.

* * *

पहिला किस्सा दवाखान्यातलाच.

नाना, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, मोटारसायकलवरून धापा टाकत आले. आई-अण्णा नसताना आमच्यावर त्यांचाच धाक. सुवी कॉटवर ओठ चावून पडलेली. नानांनी आल्या आल्या विचारलं, "सायकल शाबूत हाय ना?"

मी ओरडलेच. "नाना, हात मोडलाय तिचा!"

"आगं, हात आपला हाय. सायकल सरकारची हाय!"

* * *

भरपाईसाठी पोलिसांचा पंचनामा लागतो म्हणे. गेलो ठाण्यात. नाना सोबत होतेच, मी काही बोलू नये म्हणून.

हवालदारांनी विचारलं, "धडक कुनी दिली?"

"कुणी नाही. रस्त्यात खड्डा आहे, चाक त्यात गेलं."

"मंजी समोरची पार्टी न्हाई."

"समोरची पार्टी खड्डाच आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, खड्ड्याला नंबर प्लेट असती का? गुन्हा कुनावर टाकू?"

"तो काही पळून गेलेला नाही. जागेवरच आहे. चला, दाखवते!"

नानांनी माझी ओढणी ओढली. "पोलिसाला उलटं बोलू न्हाई. उद्या पोरीला त्यांच्यातच जायचंय."

हे ऐकून हवालदार एकदम मायेत आले. गळ्यात हात अडकवून बसलेल्या सुवीला म्हणाले, "पोलीस व्हायचंय का बाळा? लई चांगलं. मग आत्तापासूनच खड्डे बघून चालायला शिक."

* * *

मग रस्त्याच्या खात्याची कचेरी. इंजिनिअर साहेब सभ्य माणूस. खुर्ची दिली, पाणी विचारलं, अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"चिखलात चाक रुतून, असं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"तुमचा तालुका दुष्काळी जाहीर झालाय ना?"

"हो."

"मग चिखल कसा?"

मी टँकरचं सांगितलं. ते म्हणाले, टँकर आमच्या खात्याचा नाही, पाणीपुरवठ्याकडे जा. पाणीपुरवठा त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तिथले साहेब म्हणाले, "आमचा टँकर गळत नाही. गळत असता तर गावात पाणी कमी पडतंय अशी तक्रार आली असती."

"पाणी कमीच पडतंय! भांडणं होतायत टँकरवर!"

"ते दुष्काळामुळे."

जिना उतरताना सुवी म्हणाली, "ताई, अर्ज बदल. माझ्याच घामात चाक रुतलं म्हणून लिही."

* * *

इंजिनिअर साहेबांनी जाता जाता एक वाट दाखवली होती. चारी बुजवून रस्ता करायचं काम एका मजूर सहकारी संस्थेनं केलंय, दोष असला तर त्यांचा. अशा संस्थांना सरकारी कामं मिळतात, कारण त्यांचे सभासद मजूर असतात. असावेत, असा नियम आहे.

या संस्थेचे चेअरमन आमच्या भागातले मोठे पुढारी. दूध संघात ते, सोसायटीत ते, मजुरांच्या संस्थेतही तेच. पांढरा शर्ट असा की त्यावर मुरुमाचा कण बसायला घाबरेल! नाना त्यांच्या सोसायटीवर संचालक. मी अर्ज केलाय हे कळल्यावर नाना मला त्यांच्याकडे माफी मागायला घेऊन गेले. मी जाब विचारायला गेले.

चेअरमन रागावले नाहीत. बसायला सांगितलं. "बाळा, कुनाच्या विरोधात अर्ज केलास, ठाऊक हाय का?"

"तुमच्या संस्थेच्या."

"माझी कशी? संस्था सभासदांची असती. नाना, हिला सांगितलं न्हाई का तुमी? हिचा बापच सभासद हाय की."

मी नानांकडे पाहिलं. नाना खिडकीबाहेर बघत होते. अण्णांची सही त्यांनीच कधीतरी नेली होती. "थोरल्या भावानं मागितली, दिली," एवढंच अण्णांना त्यातलं माहीत.

"तवा हा रस्ता तुझ्या बापानंच केलाय," चेअरमन म्हणाले. "मजूर म्हणून त्याचीच हजेरी हाय. आता बापाकडून भरपाई मागती का?"

"अण्णा तेव्हा गावात नव्हतेच! ते कोल्हापूरकडे ऊस तोडत होते!"

"बघ की," चेअरमन हळहळले, "म्हनून तर काम जरा कच्चं राहिलं."

अण्णांना फोन करून हे सांगितलं. मागं कोयत्यांचा आवाज येत होता. अण्णा म्हणाले, "मुक्ते, म्या केला असता तर असा केला नसता गं."

हा किस्सा मी मैत्रिणींना 'कच्चं राहिलं'पर्यंतच सांगते.

* * *

शिरूर कासारच्या आत्याला या सगळ्यात वेगळीच चिंता. तिनं सुवीसाठी स्थळ आणलं होतं. अकरावीतल्या पोरीला! "आता नुसतं बघून जातील, लगीन काय लगेच करायचंय?" असं तिचं म्हणणं. नानांना ते पटलं. नानांना माझं सोडून सगळ्यांचं पटतं.

पाहुणे यायचे गुरुवारी. आणि अर्जाला जोडायला हाताच्या व्यंगाचा दाखला लागणार होता, त्यासाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं होतं सोमवारी. आत्यानं सुवीला तयार करायला घेतलं. पदर असा घ्यायचा की कोपर झाकेल. कप डाव्या हातानं द्यायचा, पण डावा आहे हे दिसू द्यायचं नाही. नाना मधेच म्हणाले, "आन दवाखान्यात मातुर जास्तच वाकडा धर. लई दुखतंय म्हन."

सुवी शांतपणे म्हणाली, "म्हणजे सोमवारी वाकडा आणि गुरुवारी सरळ. मंगळवार-बुधवार कसा ठेवू, आत्या?"

मी खो खो हसले. आत्या तडकली, "कावून हसती गं? तुझ्या त्या दाखल्यानं पोरीचं कायमचं नुकसान हुईल. शिक्का बसला की कोन करील तिला?"

दवाखान्यात डॉक्टरांनी हात पाहिला. सुवीनं होता तसाच दाखवला. पाहुण्यांनाही तिनं होता तसाच दाखवला. बाही वर करून! पाहुणे चहा न पिता गेले. तो चहा आम्ही दोघींनी प्यायला.

* * *

सुवीनंतर त्याच खड्ड्यात दूधवाला पडला. मग पाटोद्याच्या बाजारातून येणारे एक मास्तर पडले. आता मात्र गावातली मोठी माणसं जागी झाली. पारावर बैठक बसली. मला वाटलं, चला, सगळे मिळून सही करतील, रस्ता अडवतील, काहीतरी करतील.

तासभर चर्चा करून निष्कर्ष निघाला: "जागा कडक हाय."

उपाय ठरला, तिथं म्हसोबा बसवायचा. मी म्हटलं, "मुरूम टाकून वर डांबर ओतलं तर जागा मऊ होईल!" एकजण म्हणाले, "शिकल्याली पोरगी हाय, बोलू द्या." बोलू दिलं. ऐकलं नाही.

म्हसोबाला गोल दगड हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आमच्या अंगणात आले आणि कोपऱ्यात पडलेला सुवीचा दगड उचलला. "तुला काय, आता फेकायचा थोडाच हाय," म्हणाले. दगडाला शेंदूर लागला, खड्ड्याच्या मधोमध तो बसला, नारळ फुटला. तेव्हापासून माणसं तिथं सायकल हळू करायची, पाया पडायची, बाजूनं जायची. कुणी पडेना. मी गावी असले की नाना मला रोज ऐकवायचे, "बघ, काम झालं का न्हाई?"

आणि खरंच काम झालं! महिनाभरात माझ्या अर्जाला पहिल्यांदाच लेखी उत्तर आलं, इंजिनिअर साहेबांच्या सहीचं: 'सदर ठिकाणी खड्डा आढळून येत नसून देवस्थान आहे.'

* * *

आता शेवटचा.

भरतीची जाहिरात निघाली त्याच आठवड्यात मी जिल्ह्याला जाऊन वरच्या साहेबांपुढे उभी राहिले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण वरून विचारणा झाली आणि इंजिनिअर साहेबांना खड्डा मोजायला स्वतः यावं लागलं. खड्डा आहे असं त्यांनी लिहून दिलं, तर सुवीचा अर्ज पुढं जाणार होता. नाही लिहिलं, तर फाईल बंद.

जीप आली. अर्धं गाव जमलेलं. साहेब उतरले, म्हसोबा पाहिला, बूट काढले आणि हात जोडले. नानांनी पुढं होऊन अंगारा म्हणून चिमूटभर माती त्यांच्या कपाळाला लावली. तिथं अंगारा कुठला असायला? तो खड्ड्यातलाच मुरूम. खड्डा नाही असं लिहिणाऱ्या माणसाच्या कपाळावर खड्डा!

साहेबांनी खिशातून टेप काढला, थोडा ओढला आणि थांबले.

"मोजणार कसं? मधे देव आहे. माझी ना नाही. देव काढून द्या, आत्ता मोजतो. खड्डा आहे, असं इथंच लिहून देतो."

देव कुणी काढणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. नानांनी माणसांकडे पाहिलं. "म्हसोबाला हात लावायची हिंमत हाय का बे कुनाची?" कुणाची नव्हती. सगळे एकेक पाऊल मागं सरले.

सुवी पुढं आली. चपला काढल्या. वाकली आणि डाव्या हातानं म्हसोबा उचलला.

"पोरी!" नाना किंचाळले.

"नाना, हा माझा गोळा हाय," ती म्हणाली.

उजवा हात तिनं पोटाशी धरला, जेवढा वाकडा होता तेवढाच. दगड डाव्या खांद्यावर मानेला टेकवला. गळ्याला शेंदूर लागला. ती अर्धी फिरली, गुडघ्यात वाकली आणि फेकला. जीपच्या टपावरून पलीकडे जाऊन तो कोरड्या रानात धप्पकन पडला.

नानांनी दोन्ही कान धरलेले.

सुवीनं शेंदराचा हात ओढणीला पुसला आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, टेप काढलाच हाय, तर आधी गोळा मोजा. मग खड्डा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं.