लडाखच्या पायऱ्यांवर लागलेली धाप

वसमतच्या आमच्या विहारात दर रविवारी ध्यान मी घेतो. श्वास सावकाश, तोंड बंद, छाती हलता कामा नये, असं मीच सगळ्यांना बजावतो. त्यामुळं लडाखला पोचल्यावर माझी मोठी पंचाईत झाली. नुसता पलंगावर बसलो तरी श्वास भराभर चालायचा. ड्रायव्हर म्हणाला, हवा विरळ आहे, शरीर जास्त श्वास घेऊन सवय करून घेतंय, घेऊ द्या. मला ते पटेना. इतक्या वर्षांची साधना गेली कुठं, या शंकेनं मी पार खचलो.

डोंगरावरच्या विहारात जायच्या दिवशी सोबत सगळी माझ्याच ध्यानाच्या वर्गातली मंडळी. त्यांच्यासमोर धापा कशा टाकणार? मी तोंड घट्ट मिटलं आणि श्वास आवरून धरत पायऱ्या चढू लागलो. निम्म्यात डोळ्यांपुढं काजवे चमकले अन् मटकन खाली बसलो. मंडळी पुढं गेली होती, मागं राहिलेली बायको घाबरली. "काहून दम दाबून राहिले तुमी? चला खाली. बुद्ध काय पळून जात न्हाई," म्हणाली. तिचं बराबर होतं. पण वरची ती मूर्ती एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढीच माझी जन्माची आस होती. आता निम्म्यातून माघारी फिरायचं, या विचारानं मला रडूच आलं.

तेवढ्यात एक लडाखी आजी चढत आली आणि शेजारी टेकली. हातात जपमाळ, तोंड उघडं आणि धाप अशी की आमची पिठाची गिरणी बरी. जन्म तिथंच गेलेला, तरी बाईला धाप लागल्याची लाज म्हणून नाही. माझ्या मिटल्या तोंडाकडं तिनं निरखून पाहिलं, गाल फुगवून माझी हुबेहूब नक्कल केली आणि खो खो हसली. बायकोही हसली. मग मलाही आवरेना. हसताना तोंड उघडलं आणि श्वास भसाभसा आत आला. मी तो अडवला नाही. बराच वेळ तसेच बसलो, डोकं ठिकाणावर आलं. आजीनं हात पुढं केला. दोन पायऱ्या चढायच्या, थांबायचं, दोघांनी मनसोक्त धापा टाकायच्या, अशी आमची वरात वर पोचली.

आजी गर्दीत कुठं गेली कळलं नाही. तिचं नावही विचारायचं राहिलं. तिला कृपा म्हणावं का, मला ठाऊक नाही. आठवण आली की हात मात्र जोडले जातात. मूर्तीसमोर बसलो तेव्हा वंदना म्हणायलाही दम नव्हता. श्वास आपला येत होता, जात होता, मी काहीच करत नव्हतो. डोळे भरून आले. इतकी वर्षं ध्यान शिकवलं, पण लागलं ते त्या दिवशी, तोंड उघडं ठेवून.