बूड नसलेलं जहाज

दादा मालवाहू जहाजावर नोकरीला लागला आणि आईची झोप उडाली. धानोऱ्याजवळच्या आमच्या गावात पाणी म्हणजे तलाव आणि नाव म्हणजे डोंगा. त्या डोंग्यात बसून मासोळ्या धरण्यात आईबाबांचा जन्म गेला, पण समुद्र दोघांनीही पाहिलेला नाही. "तो झोपते कुठी?" आई रोज विचारायची. मोबाइलवर फोटो दाखवले तर म्हणे, फोटोत काय समजते!

मग मीच नसती उठाठेव अंगावर घेतली. प्लास्टिकची छोटी मॉडेलं जोडायचा मला नाद आहे. उरलेल्या सुट्या भागांचा डबा उपसला. विमानांच्या पंखांतून जहाजाच्या बाजू कापल्या, रणगाड्याच्या तोफांच्या क्रेन केल्या. आईचं मागून सुरूच. दादाच्या खोलीले खिडकी कर. अजून मोठी कर. तुळस कुठी आहे? हातभर जहाजावर तुळस! डोकं फिरलं माझं. तरी खिडकी मोठी केली.

जहाज टीव्हीशेजारी ठेवायचं होतं. म्हणून पाण्याच्या वर दिसतं तेवढंच केलं, खालून उघडं. शोभेच्या वस्तूला तळ हवा कशाला?

मी कामावर गेले आणि इकडे दोघांनी घोळ घातला. नवा डोंगा पाण्यात उतरवताना आमच्याकडे त्याला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. यांनी तेच केलं आणि जहाज पाण्याच्या घमेल्यात सोडलं. ते सरळ तळाशी गेलं.

संध्याकाळी आले तर चूल थंड, आई भिंतीला टेकून बसलेली.

"याले बूडच नाई, बाई," बाबा म्हणाले. "काऊन असं केलं?"

"अरे, ते पाण्यात सोडायचं नव्हतंच!" मी ओरडले.

"मंग त्याले जहाज काऊन म्हणते?" आई म्हणाली आणि रडायलाच लागली.

कपाळ माझं! त्यात दादाचं जहाज भर समुद्रात, फोन लागेना. आईनं जेवण टाकलं. शेवटी मी डबा परत उघडला. दोन विमानांची पोटं जोडून बूड केलं, फटी बुजवल्या. जहाज तरंगलं, पण कलायला लागलं. बाबांच्या जाळ्याचे शिशाचे मणी आत बसवले, तेव्हा कुठे सरळ उभं राहिलं. आई उठली आणि तिनं भात टाकला.

"आता बाहेर काढू नको," तिनं बजावलं. "तो घरी येतपर्यंत पाण्यातच राहू दे."

तेव्हापासून घमेलं घराच्या मधोमध. जाता-येता पाय अडखळतो, डास होतात, सांधे सुटले की मी ते पुन्हा चिकटवत बसते. आई चहाच्याही आधी घमेल्यात डोकावते. हा काय वेडेपणा म्हणून मी तिच्यावर चिडते.

दादाचा फोन परत लागत नाहीये. आता मी आईच्या आधी उठते आणि घमेल्यात बघून येते.